पंचगंगेची पातळी, सकाळी सातची

कोल्हापुरात जुलै लागला की पत्रकाराचा फोन रात्रीही उशाशीच असतो. पहाटे पहिला संदेश येतो तो जिल्हा प्रशासनाचा: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फूट, किती इंच, राधानगरी, दूधगंगा, वारणा धरणांतून किती क्युसेक विसर्ग, कोणते बंधारे पाण्याखाली. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ ही नावं आता पाठच झाली आहेत. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरही सांगेल.

पाटबंधारे विभागाचा आकडा आपत्ती व्यवस्थापन कक्षात येतो, जिल्हा माहिती कार्यालय तो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं. फेसबुकवर, एक्सवरही तो जातो. तलाठी, पोलीस पाटील तोच गावच्या ग्रुपवर ढकलतात. पूर्वी प्रेसनोट आधी आमच्या टेबलावर यायची आणि वाचकाला दुसऱ्या दिवशी कळायची. आता प्रयाग चिखलीतला शेतकरी आणि मी तोच मजकूर एकाच वेळी वाचतो. हे फार चांगलं झालं, असं मी मनापासून मानतो.

आकड्याइतकीच त्याच्यापुढची वेळ महत्त्वाची. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, पाणी उतरलं की मिटतात. एक दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत आणि पुढं पंचगंगेत येतं. त्यामुळे सकाळी सातचा आकडा दुपारी कामाचा राहत नाही. तरी पुढं पाठवताना लोक तारीख-वेळेची वरची ओळ गाळतात, आणि कालचा विसर्ग आजचा म्हणून गावभर फिरतो. २०१९ च्या महापुराचे व्हिडिओसुद्धा नव्या पावसात पुन्हा उगवतात. तारीख आणि वेळ आकड्याला चिकटूनच, त्याच ओळीत लिहावी, हा माझा आग्रह त्यासाठीच.

दुसरी अडचण मोठी आहे. अशा ग्रुपमध्ये बहुधा फक्त ॲडमिनच लिहू शकतो. अफवा रोखायला ते ठीक, पण प्रश्न विचारायचा कुठं? २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. अशा वेळी माणसाला फूट-इंच पुरत नाहीत. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पाणी सोडलं? म्हशी कुठं न्यायच्या? निवारा केंद्रात चारा आहे का? याची उत्तरं संदेशात नसतात. ती मिळवणं हेच आता बातमीदाराचं खरं काम आहे. आलेला मजकूर जसाच्या तसा छापायला आमची गरज उरलेली नाही.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. तो उचलणाऱ्यासमोर गावनिहाय निवारा केंद्रांची आणि चाऱ्याची त्या दिवशीची यादी असते का, हा प्रश्न मी पावसाळ्याआधीच अधिकाऱ्यांना विचारून ठेवतो.