कोमेजलेली फांदी कशी जगवावी?

बदलीचा हुकूम हाती पडला की घरात बांधाबांध सुरू होते. भांडी, पुस्तके, कपडे यांना पेट्या मिळतात; परंतु अंगणात वर्षानुवर्षे जोपासलेली जास्वंद, तगर किंवा अनंत यांना कोणत्या पेटीत घालावे? मग निघण्याच्या दिवशी कोणीतरी कात्री घेऊन अंगणात जाते आणि चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेते. बियांपासून उगवलेले रोप मूळ झाडासारखे निघेलच असे नाही. फांदीपासून वाढलेले रोप मात्र तेच झाड असते, केवळ जागा बदललेले. पण नव्या घरी लावलेली ही फांदी दुसऱ्याच दिवशी माना टाकते आणि आपला जीव हळहळतो. वाचकहो, हा अनुभव आपणांपैकी अनेकांनी घेतला असेल.

प्रस्तुत लेखकानेही तो घेतला आहे. कोकणात आमच्या आजोळी विहिरीजवळ अनंताचे झाड होते. ते घर विकले गेले आणि अंगण मोकळे व्हायचे ठरले, तेव्हा त्या झाडाच्या सहा फांद्या आम्ही दिल्लीस आणल्या व कुंडीत लावल्या. पाने मलूल दिसताच सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घातले. आठवड्याने पाहतो तो चार फांद्यांची बुडे काळी पडून कुजलेली! तहानेने व्याकूळ झाल्या आहेत असे समजून ज्यांना पाणी पाजले, त्या पाण्यानेच गेल्या. मूळ झाड तर तोवर तोडले गेले होते. उरलेल्या दोन फांद्यांचे काय झाले ते पुढे येईलच.

फांदी का कोमेजते?

पानांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य रंध्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते. झाडावर असताना ही तूट मुळे भरून काढतात. फांदी कापली की मिळकत जवळजवळ बंद होते. खर्च मात्र पूर्वीसारखाच चालू राहतो. अशा वेळी शहाणा गृहस्थ काय करील? खर्चाला कात्री लावील. कलमाच्या बाबतीतही नेमके हेच करावयाचे असते. मातीत अधिक पाणी ओतल्याने मुळे नसलेल्या फांदीला ते फारसे घेता येत नाही. उलट मातीतील हवा निघून जाते, मुळ्या फुटण्यास हवा असलेला प्राणवायू मिळत नाही आणि बुरशीचे फावते. म्हणून ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच : माती नुसती ओलसर, परंतु पानांभोवतीची हवा चांगली दमट.

या दमट हवेचे सामर्थ्य लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ साली सहज गवसले. एका बंद बाटलीत ओल्या मातीवर त्यांनी पतंगाचा कोश ठेवला होता. काचेवर जमणारे बाष्प पुन्हा मातीत उतरत असे. आणि लंडनच्या धुरकट हवेत त्यांच्याकडे न जगणारा नेचा त्या बाटलीत आपण होऊन उगवला! पुढे या तत्त्वावर काचेच्या पेट्या तयार झाल्या. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १९ व्या शतकाच्या मध्यास चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली ती अशाच पेट्यांतून. महिनोन्‌महिन्यांच्या सागरप्रवासात जी युक्ती कामी आली, ती आपल्या खिडकीतही कामी येते.

कोमेजू नये म्हणून

फांदी सकाळी कापावी; त्या वेळी ती पाण्याने भरलेली असते. आदल्या दिवशी झाडास पाणी घातलेले असावे. फांदी रोगट नसावी आणि तिच्यावर कळ्या-फुले असल्यास ती खुडून टाकावीत. प्रवासात ओल्या कागदात किंवा फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवावी आणि ती पिशवी उन्हात राहू देऊ नये.

लावण्यासाठी चार ते सहा इंचांचा तुकडा घ्यावा. धारदार, स्वच्छ पात्याने डोळ्याच्या किंचित खाली काप द्यावा. खालची पाने काढून वरची दोन-चारच ठेवावीत. जास्वंदीसारखी पाने मोठी असल्यास ती निम्मी कापावीत. धुतलेली जाडसर वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घेऊन, तळाला भोक असलेल्या कुंडीत भरावा. एकदा पाणी घालून ते पूर्ण निथळू द्यावे. मग फांदी खोचून वर काचेची बरणी उपडी ठेवावी किंवा काड्यांच्या आधाराने पारदर्शक पिशवी घालावी. कुंडी उजेडात असावी, पण तिच्यावर ऊन पडता कामा नये. अन्यथा बरणीची भट्टी होते. रोज काही मिनिटे झाकण काढून हवा खेळू द्यावी.

कोकणात किंवा केरळात ऐन पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की झाकणावाचून भागते. दिल्ली, जयपूर, नागपूर येथील उन्हाळ्यात मात्र ते हवेच. चाफा, निवडुंग, शेर यांना हा नियम लागू नाही. त्यांचा काप काही दिवस सावलीत सुकू देऊनच लावावा आणि त्यांवर झाकण मुळीच घालू नये. मुळ्या फुटण्यासाठी मिळणारी संजीवकाची भुकटी उपयुक्त आहे. परंतु ती कोमेजणे थांबवीत नाही.

कोमेजल्यावर

पाने माना टाकलेली दिसली की प्रथम पाण्याचा तांब्या दूर ठेवावा आणि फांदी पाहावी. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर आशा आहे. बूड घट्ट असल्यास फांदी बाहेर काढून, तिचे टोक पाण्यात बुडवून तेथेच अर्धा इंच कापावे, म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा निघते. नंतर संपूर्ण फांदी तासभर गार पाण्यात बुडवून ठेवावी, पाने आणखी कमी करावीत आणि पुन्हा लावून झाकावी. पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच टवटवी येते.

बूड काळे व मऊ झाले असेल, तर निरोगी भाग लागेपर्यंत वर कापावे, ती माती टाकून द्यावी आणि नव्या वाळूत लावावे. पाने गळून पडली तरी घाबरू नये. फांदीत जीव असला म्हणजेच ती पान झाडून टाकते. पान वाळून फांदीलाच चिकटून राहिले, तर ते वाईट लक्षण समजावे.

आणखी एक फसगत सांगितली पाहिजे. गुलाबासारख्या फांदीला साठवलेल्या अन्नाच्या बळावर मुळ्यांआधीच पालवी फुटते. तिला भुलून झाकण काढले की फांदी वाळते. तीन-चार आठवड्यांनी कुंडीच्या भोकातून पांढऱ्या मुळ्या डोकावल्या किंवा हलकेच ओढल्यावर फांदीने धरून ठेवले, तरच मुळ्या आल्या असे मानावे. त्यानंतरही झाकण आठवडाभर थोडे थोडे अधिक वेळ उघडावे.

आमच्या त्या दोन फांद्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीखाली जगल्या. त्यांतील एक, नवी पाने येताच उत्साहाने उन्हात ठेवली आणि दोन दिवसांत गमावली. उरलेली एक सावकाश बाहेर काढली. तिने तिसऱ्या वर्षी फूल दिले. पुढच्या पावसाळ्यात तिच्या फांद्या आम्ही दोन शेजाऱ्यांकडे लावून दिल्या. आपणही तसेच करावे. आपले आवडते झाड एकाच कुंडीत राहू देऊ नये. कधी आपल्याकडचे गेले, तर शेजारच्या अंगणातून ते पुन्हा मागून आणता येते.