धर्मगुरूचा शब्द आणि मतदाराचें मत

गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमि; त्याच परभणी जिल्ह्यांतील पाथरीचें नांव साईबाबांच्या जन्मकथेशीं जोडलें जातें; आणि परभणी शहरांतील हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसास हिंदु व मुसलमान दोघेही जातात. 2011 च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या 18,36,086 भरली; तींत मुसलमान सुमारें सहावा हिस्सा व बौद्ध सुमारें दहावा हिस्सा होते. अशा प्रदेशांत हरिनाम सप्ताहांतील कीर्तनकाराचा किंवा जुम्याच्या खुतब्यांतील शब्द केवळ शब्द राहत नाहीं. जन्ममरणाच्या प्रसंगीं जो आधार देतो, तोच निवडणुकीच्या दिवसांत राजकारणावर बोलूं लागला, म्हणजे सल्ला कोठें संपला व आज्ञा कोठें सुरू झाली हें ओळखणें अवघड होतें.

कायद्यानें ही सीमा आंखून दिली आहे. धर्मगुरु हाही नागरिक आहे, आणि आपलें मत बोलून दाखविण्याचा त्यास अधिकार आहे. परंतु 1951 च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांतील 123 व्या कलमाप्रमाणें, अमक्यास मत दिल्यास वा न दिल्यास ईश्वरी कोप होईल, अशी समजूत मतदाराच्या मनांत उत्पन्न करणें हा भ्रष्ट आचार ठरतो. पंजाबांतील सिरसा मतदारसंघांत 1957 च्या निवडणुकीच्या वेळीं नामधारी पंथाच्या सद्गुरूंनीं अनुयायांस एका उमेदवारास मत देण्याचें फर्मान काढलें होतें. त्यावर 1959 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं गुरूनें उमेदवारांची तुलना करून आपली पसंती सांगणें योग्य. मात्र शिष्यास निवडीची मोकळीकच उरूं नये अशा रीतीनें हुकूम सोडणें हा अनुचित दबाव होय.

त्याच कलमांत धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नांवानें मत मागण्यास बंदी आहे. 2 जानेवारी 2017 रोजीं सात न्यायमूर्तींच्या पीठानें चार विरुद्ध तीन अशा बहुमतानें ठरविलें, कीं ही बंदी उमेदवाराच्या धर्मापुरती नसून मतदाराच्या धर्माच्या नांवानें केलेल्या आवाहनासही लागू आहे. हा खटला मुंबईच्या सांताक्रूझ येथील 1990 च्या निवडणुकींतून निघाला होता. परंतु येथें एक मेख आहे. तिऱ्हाइताच्या भाषणास उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक-प्रतिनिधीची संमति होती, हें सिद्ध व्हावें लागतें. म्हणून अलिप्त राहून बोलणाऱ्या धर्मगुरूचा शब्द न्यायालयापर्यंत क्वचितच पोंचतो. समाजाच्या मनापर्यंत मात्र तत्काळ पोंचतो.

2024 चें वर्ष याची साक्ष देतें. ऑगस्टमध्यें नाशिक जिल्ह्यांतील एका सप्ताहांत सराला बेटाचे महंत रामगिरी महाराज यांनीं प्रेषित महंमद यांच्याविषयीं काढलेल्या उद्गारांवरून अनेक ठिकाणीं गुन्हे नोंदले गेले, आणि 23 सप्टेंबरला इम्तियाज जलील यांच्या नेतृत्वाखालीं छत्रपति संभाजीनगराहून मुंबईकडे मोर्चा निघाला. नोव्हेंबरांत मौलाना सज्जाद नोमानी यांनीं महाविकास आघाडीच्या बहुसंख्य उमेदवारांस पाठिंबा जाहीर केला. तोच धागा धरून देवेंद्र फडणवीस यांनीं 'व्होट जिहाद' व 'धर्मयुद्ध' या शब्दांत प्रचार केला. एका प्रसंगीं परधर्माविषयीं उद्गार होते, दुसऱ्या प्रसंगीं मतांविषयीं उघड आवाहन. परंतु परिणामाची रीत एकच. धर्मगुरूचें वाक्य त्याच्या अनुयायांपेक्षां प्रतिपक्षाच्या अधिक उपयोगीं पडतें. मग कापूस, सोयाबीन, पीकविमा व पाणी हे प्रश्न मागें सरतात, आणि 'आपण कोण' हा एकच प्रश्न उरतो.

जातीच्या वादांतही हेंच घडतें. बीडच्या सीमेवरील भगवानगडाचे महंत नामदेवशास्त्री यांनीं 2016 मध्यें गडावरील राजकीय भाषणें बंद केलीं. पंकजा मुंडे यांचा दसरा मेळावा गडाच्या पायथ्याशीं, व 2017 मध्यें सावरगावीं भरला. त्याच महंतांनीं जानेवारी 2025 मध्यें धनंजय मुंडे यांस पाठिंबा दर्शविला. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजीं हत्या झाल्यानें मराठा व वंजारी समाजांत आधींच तणाव होता. त्यांत हा शब्द ठिणगीसारखा पडला. पुढें देशमुख कुटुंबीय गडावर गेले, तेव्हां गड त्यांच्याही पाठीशीं असल्याचें महंतांनीं सांगितलें. गडाचें मौन हाही राजकीय निर्णय होता, आणि बोलणें हाही.

अमेरिकेंत हाच पेंच वर्णप्रश्नाच्या रूपानें आला. 2008 मध्यें पाद्री जेरेमाया राइट यांचीं जुनीं प्रवचनें गाजूं लागतांच त्यांच्या चर्चचे सभासद असलेले बराक ओबामा यांस 18 मार्चला फिलाडेल्फियांत वर्णभेदावर विस्तृत भाषण करावें लागलें. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द उमेदवाराच्या पदरीं घातला जातो, पण त्यांतून विचाराची वाटही काढतां येते, हें त्यावरून दिसलें.

परभणी जिल्ह्यानें नोव्हेंबर 2024 मध्यें विधानसभेच्या चार जागांवर चार निराळ्या पक्षांचे प्रतिनिधि निवडले: परभणींत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), जिंतुरांत भारतीय जनता पक्ष, गंगाखेडांत राष्ट्रीय समाज पक्ष व पाथरींत राष्ट्रवादी काँग्रेस. यावरून एवढें निश्चित, कीं जिल्ह्याचें मत एका गठ्ठ्यांत बांधलेलें नाहीं. मतदानयंत्रापुढील आडोशांत महंतास वा मौलवीस प्रवेश नसतो. गुरूचें ऐकून घ्यावें, त्याचा मान राखावा. परंतु ज्या उपदेशानें 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक हिरावली जाते, त्यास उपदेश न म्हणतां हुकूमच म्हणावें लागेल, आणि हुकमाच्या मतावर लोकशाही उभी राहत नाहीं.