सूर्य तोच, मग दाब का उतरला?

घराच्या छपरावर सूर्यापासून वीज निर्माण करणे ही आता केवळ कुतूहलाची गोष्ट राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजना जाहीर केली, एक कोटी घरांचे उद्दिष्ट समोर ठेवले आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. आपल्या किनारपट्टीवरही कौलांवर आणि गच्च्यांवर सौर पॅनेलांच्या काळ्यानिळ्या रांगा दिसू लागल्या. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु संच बसविणे ही एक गोष्ट आणि तो वर्षानुवर्षे चालता ठेवणे ही दुसरी. पहिलीसाठी सरकार, बँका आणि विक्रेते हजर असतात. दुसरीसाठी मात्र घरधनी एकटाच उरतो.

दोन-तीन पावसाळे उलटले की तक्रार सुरू होते, “पॅनेलचा व्होल्टेज कमी येतो.” मग कोणी तरी शिडी लावून वर चढतो, मीटर टेकवतो, मान हलवतो आणि सांगतो की पॅनेल गेले, नवे घाला. कर्ज काढून संच बसविलेल्या कुटुंबाला हा निकाल मुकाट्याने मान्य करावा लागतो, कारण तो तपासून पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. पुष्कळदा मात्र हा प्रकार रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशातलाच असतो. सिलिकॉनचा घटक हा या संचातील सर्वांत चिवट भाग आहे. कच्चे असतात ते त्याच्या भोवतालचे सांधे. म्हणून निदान नीट कसे करावे, याची तोंडओळख प्रत्येक घराला असणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम दाब आणि प्रवाह यांतील भेद ध्यानी घ्यावा. पाण्याच्या टाकीची उंची म्हणजे दाब आणि नळातून पडणारी धार म्हणजे प्रवाह. ढगाळ दिवशी अथवा काचेवर सारखी धूळ बसली असता मुख्यतः प्रवाह घटतो. दाब फारसा ढळत नाही. म्हणून जुलै महिन्यात युनिटे कमी पडली, पण दाब जवळपास पूर्ण आहे, तर दोष पॅनेलचा नसून आभाळाचा आहे. उलट, लख्ख उन्हात दाबच खाली आला असेल, तर तपासाला जागा आहे.

पण खाली म्हणजे कशाच्या खाली? येथेच निम्मा घोटाळा होतो. सिलिकॉनचा एकेक घटक सुमारे ०.६ व्होल्ट देतो. असे ६० घटक एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलचा, काहीही भार न जोडता मोजलेला दाब ३७-३८ व्होल्ट भरतो. पॅनेलच्या पाठीवरील पत्रिकेत हाच आकडा छापलेला असतो. तो आकडा मात्र २५ अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. एप्रिलच्या दुपारी छपरावरील पॅनेल ६०-६५ अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे दाब साधारण ०.३ टक्के उतरतो. म्हणजे ३८ व्होल्टचे पॅनेल त्या वेळी ३३-३४ व्होल्ट दाखवील, आणि तरीही ते संपूर्ण निरोगी असेल. पत्रिकेवरील ३८ कडे बोट दाखवून या पॅनेलला बाद ठरविणारा माणूस एक तर अज्ञानी असतो, नाही तर लोभी.

बॅटरीवर चालणाऱ्या लहान संचांची गोष्टही अशीच आहे. त्यांतील ३६ घटकांचे पॅनेल मोकळे असताना २१-२२ व्होल्ट दाखवते. साध्या नियंत्रकामार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडताच ते १३-१४ वर येते. हा बिघाड नव्हे, त्या नियंत्रकाची रीतच तशी आहे. म्हणून तार सोडवून एकदा आणि जोडून एकदा असे दोन्ही वेळा मोजल्याखेरीज निर्णय करू नये. मोकळा दाब पुरेसा आहे, भाराखाली पॅनेलापाशी तो टिकतो, आणि नियंत्रकापाशी मात्र कमी भरतो, अशी स्थिती असेल तर चोर मधल्या वाटेवर आहे. दहा मीटर अंतरावरून अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारांतून आठ अँपिअर प्रवाह आणला, तर जाता-येता एक व्होल्टहून थोडा अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. बारा व्होल्टच्या संचाला ही गळती जड जाते. चार पैसे वाचविण्यासाठी बारीक तार घालणारा कंत्राटदार घरधन्याला असा रोजचा दंड लावून जातो.

आता खऱ्या बिघाडाकडे वळू. ६० घटकांचे पॅनेल आतून बहुधा तीन भागांत विभागलेले असते आणि प्रत्येक भागाला एक डायोड जोडलेला असतो. आमच्या वाचकांना खाजणातील मानस ठाऊक आहे: ओहोटीला तिचे दार उघडून पाणी बाहेर जाते, भरतीला ते मिटते आणि खारे पाणी आत येत नाही. डायोड हे विजेचे असेच एका दिशेने उघडणारे दार आहे. पॅनेलच्या एका भागावर माडाची झावळी सावली टाकू लागली, की त्या भागाचा डायोड उघडतो आणि इतर भागांचा प्रवाह बाजूने निघून जातो. सावली सरली की दार मिटते. परंतु वळवाच्या विजांनी अथवा सततच्या तापाने डायोड निकामी होऊन दार कायमचे उघडे राहिले, तर त्या भागाची वीज बाहेर येतच नाही. अशा वेळी दाब बरोबर एक तृतीयांशाने उतरतो. ३८ च्या जागी २५ च्या आसपास, आणि तापलेल्या पॅनेलवर २२-२३. हा आकडा दिसला की संशय डायोडवर किंवा त्या भागाच्या आतल्या जोडणीवर घ्यावा. मात्र मोजण्यापूर्वी वर झावळी, टाकीची सावली किंवा पक्ष्यांची वाळलेली विष्ठा नाही ना, हे पाहावे. डायोडची किंमत क्षुल्लक असते. अनेक पॅनेलांत तो बदलता येतो. काहींत जोडपेटी कायमची बंद केलेली असते, आणि तेथे हमीपत्राचा आधार घ्यावा लागतो.

किनाऱ्यावरच्या घरांना आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारा वारा. दोन पॅनेलांमधील जोड वरून घट्ट दिसतो, पण आतील धातूवर क्षार चढतो, विरोध वाढतो, जोड तापतो आणि प्लॅस्टिक काळवंडते. दोन निरनिराळ्या बनावटीचे जोड एकमेकांत दाबून बसविले असतील, तर हे संकट लवकर ओढवते. मोकळ्या मापनात असा जोड साळसूदपणे पूर्ण दाब दाखवतो. भार पडताच त्याचे पितळ उघडे पडते. पॅनेल धुताना विहिरीचे मचूळ पाणी वापरू नये, कारण ते वाळले की काचेवर मिठाचा थर राहतो. धुण्याचे काम सकाळी, काच थंड असताना, गोड्या पाण्याने करावे.

एक इशारा मात्र स्पष्ट शब्दांत देणे आमचे कर्तव्य आहे. वीज खात्याच्या जाळ्याला जोडलेल्या संचात आठ-दहा पॅनेले एका माळेत असतात आणि त्या माळेचा दाब ३०० व्होल्टच्या वर जातो. हा एकदिश प्रवाह आहे. चालू भारावर जोड ओढून काढला तर पडलेली ठिणगी सहजी विझत नाही. बटण बंद केले म्हणून पॅनेल बंद होत नाही, सूर्य आहे तोवर ते जिवंत असते. घरधन्याने खालून सावली पाहावी, इन्व्हर्टरवरचा आकडा वाचावा आणि वहीत लिहावा. माळेला हात जाणकारानेच लावावा. शेवाळलेल्या कौलांवर पावसाळ्यात चढणे तर प्राणांशी खेळणे होय.

हे सारे पाहता उपाय फार अवघड नाही, हवी आहे ती शिस्त. संच सुरू करण्याच्या दिवशीच प्रत्येक माळेचा मोकळा दाब, भाराखालचा दाब, वेळ आणि पॅनेलचे तापमान एका कागदावर लिहून, सही करून, तो घरधन्याच्या हाती देणे विक्रेत्यांवर बंधनकारक करावे. जन्मपत्रिका नसलेल्या रुग्णाचे वय जसे अंदाजाने ठरवावे लागते, तसे आज या संचांचे होते आहे. पहिला आकडा हाती असेल, तर पाच वर्षांनी किती घट झाली हे शाळकरी मुलगाही सांगेल. सूर्यघर योजनेत विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करावी, अशी अट आहेच. ती अट कागदावर निजू नये म्हणून मृगापूर्वी एक आणि चतुर्थीनंतर एक अशा वर्षातून दोन तपासण्यांची नोंद मागण्याचा परिपाठ वीज खात्याने घालावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकून निघालेल्या तरुणांना या मापनाचे रीतसर शिक्षण मिळाले, तर प्रत्येक तालुक्यात विश्वासाचे कारागीर उभे राहतील आणि त्यांच्या हातांना कामही मिळेल.

छपरावर बसविलेल्या किलोवॅटांची बेरीज करून सरकारने समाधान मानू नये. बसविलेल्यांपैकी किती संच आज पुऱ्या दाबाने चालत आहेत, हा खरा प्रश्न आहे. खराब जोडापायी ज्या घराने चांगले पॅनेल भंगारात काढले, ते घर पुन्हा सौर ऊर्जेच्या वाटेला जाणार नाही आणि शेजाऱ्यालाही जाऊ देणार नाही. सूर्य आपले काम रोज बिनचूक करतो. त्याचे तेज घरात पोहोचेपर्यंत वाटेतले सांधे सांभाळणे, एवढेच माणसाच्या वाट्याला आले आहे. तेवढे तरी आपण नीट करावे.