घाटमाथ्यावरची घरपट्टी

कसाऱ्याहून चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं इगतपुरीला सुटतात. थळ घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट इतका खडा. 1865 मध्ये इथून रेल्वे सुरू झाली आणि गाव रुळांभोवतीच वाढलं. गाडी पुढं निघून जाते. मागं उरलेला कचरा उचलणं, तुंबलेलं गटार उपसणं, रस्त्यावरचे दिवे लावणं, जन्ममृत्यूची नोंद ठेवणं ही कामं नगरपरिषदेची. लोकसंख्या 40 हजारांच्या आत, म्हणून 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार ती ‘क’ वर्गात मोडते. एवढ्याशा गावाला स्वतंत्र पालिका कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. मला वाटतं, तिची अडचण लहानपणात नाही. गावातल्या सर्वांत मोठ्या, म्हणजे रेल्वेच्या मालमत्तेवर तिला घरपट्टी लावता येत नाही, यात आहे.

74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी 18 विषय आले, पण त्यांच्या खर्चाची सोय राज्यांवर सोडली गेली. महाराष्ट्रात 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आलं. हक्काचं उत्पन्न म्हणावं असं मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी एवढंच उरलं. त्यातही घटनेच्या 285 व्या अनुच्छेदानं केंद्राची मालमत्ता स्थानिक करातून वगळलेली. यावर रेल्वेच्या बाजूनं एक रास्त प्रश्न येतो: आमच्या वसाहतीचं पाणी, दिवे आम्हीच बघतो, मग पालिकेला पैसे का द्यायचे? पण इगतपुरीचा पाऊस बघितलेल्या माणसाला ठाऊक असतं, गटाराचं पाणी रेल्वेचं कुंपण बघून थांबत नाही. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर याच प्रश्नावर तोड निघाली. कर नाही, पण सेवाशुल्क द्यायचं. पालिकेच्या सगळ्या सेवा घेतल्या तर घरपट्टीच्या 75 टक्के, थोड्याच घेतल्या तर 50, एकही घेतली नाही तरी एक तृतीयांश. हा शेवटचा आकडा मला फार मोलाचा वाटतो. शेजारी राहण्याचीही किंमत असते, हे त्यात मान्य केलेलं आहे. मात्र अशा बलाढ्य खात्याकडून वसुली करायची तर ‘क’ वर्ग पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यामागं जिल्हा आणि राज्य प्रशासनानं उभं राहायला हवं.

दुसरा आक्षेप असा, की मोठ्या यंत्रणेकडे हा कारभार सोपवला तर तो स्वस्तात आणि नीट होईल. धरणं, मोठ्या जलवाहिन्या यांच्यापुरतं ते खरंच आहे. याच परिसरातल्या ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबईपर्यंत जातं, ते लहान पालिकेच्या आवाक्यातलं काम नव्हे. गल्लीतली फुटलेली नळजोडणी मात्र वेगळी गोष्ट. तिथं गावातला माणूस नसला की काय होतं, याचा अनुभव आलेला आहे. निवडणुका लांबल्यामुळे डिसेंबर 2025 च्या मतदानापर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. फाइली पुढं सरकत होत्या, कर गोळा होत होता. पण नळाला तीन दिवस पाणी नाही म्हणून सकाळी सहाला ज्याचं दार ठोठावावं, असा नगरसेवक वॉर्डात नव्हता.