वारंवार गर्भपात: आधी कारण, मग आयव्हीएफ

दोन किंवा अधिक गर्भपात झाले, की 'एश्रे' ही युरोपीय तज्ज्ञसंस्था त्याला वारंवार गर्भपात म्हणते. ब्रिटनमध्ये तीन धरतात. पुढचा प्रयत्न नैसर्गिक की आयव्हीएफने, हे कारणावर ठरावे. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते. किमान 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, तरच निदान पक्के. त्यावर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि पोटावर टोचायची हेपारिनची इंजेक्शने देतात. आयव्हीएफ हा त्यावरचा उपाय नव्हे. थायरॉइड, मधुमेह, गर्भाशयातला पडदा यांचेही तसेच. पती-पत्नींपैकी एकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असेल, तर मात्र आयव्हीएफ करून भ्रूण तपासण्याचा पर्याय विचारात घेण्याजोगा. तरी नैसर्गिक प्रयत्नांतूनही अशा अनेक जोडप्यांना निरोगी मूल होते.

सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण सापडतच नाही. मग आयव्हीएफसाठी वाट कशाला पाहायची, हा प्रश्न रास्त आहे. पस्तिशीनंतर तर अधिकच, कारण स्त्रीच्या वयाबरोबर भ्रूणातले गुणसूत्रदोष वाढतात. पण आयव्हीएफने बीजांडाचे वय कमी होत नाही, आणि कारण न सापडलेल्या निम्म्याहून अधिक जोडप्यांची पुढची गर्भधारणा विशेष औषधांविनाही पूर्ण होते.