घरून काम करताना ध्येय ठरवायचं कसं? (एपिसोडचा लिखित भाग)

भांडी घासताना, लोकलमध्ये उभ्याने, नाहीतर रात्री दिवा मालवून ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोललेलंच आहे, फक्त मधले ‘अं’ आणि शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं काढून टाकलंय.

आजचा विषय आहे घरून काम करताना ध्येयं कशी ठरवायची. ऑफिसचीही आणि आपली स्वतःचीही. सुरुवात माझ्यापासून करतो, कारण या विषयात मी एकदा सपशेल आपटलोय.

मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन लागायच्या आधीच्या आठवड्यात, मी पुण्यातली खोली बंद करून साताऱ्याला घरी आलो. बाबांची अँजिओप्लास्टी होऊन तीन महिने झाले होते. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. मला वाटलं, बरंच झालं, आता प्रवासाचे दोन तास वाचतील. वहीत झोकात लिहिलं: १) कामात जीव ओतायचा. २) बाबांना वेळ द्यायचा. ३) तब्येत सांभाळायची.

वर्षभराने काय झालं? रोज दहा-अकरा तास लॅपटॉपसमोर बसूनही अप्रेझलमध्ये शेरा मिळाला ‘समाधानकारक’. आणि एका संध्याकाळी आई अगदी सहज म्हणाली, “अरे, तू पुण्यात होतास ना, तेव्हा दर रविवारी त्यांच्याशी फोनवर तासभर बोलायचास. आता तेवढंही होत नाही.”

बाबा पलीकडच्या खोलीत होते. मध्ये एक भिंत फक्त.

त्या वाक्यानंतर मी ती वही पुन्हा उघडली. तिन्ही ओळी वाचल्या आणि लक्षात आलं की यातली एकही गोष्ट ‘झाली’ असं मी कधीच म्हणू शकलो नसतो. जीव ओतला हे मोजणार कसं? वेळ दिला म्हणजे किती, कधी? ती ध्येयं नव्हतीच, चांगल्या इच्छा होत्या.

ऑफिस आपलं किती काम करत होतं!

ऑफिसला आपण नावं ठेवतो, पण ते गुपचूप बरीच कामं करायचं. साडेसहाची बस चुकेल म्हणून काम आटपायचं. शेजारचा उठला की आपणही चहाला उठायचो. आणि आपण काय करतोय ते चार लोकांना आपोआप दिसायचं.

घरी हे सगळं गायब. सी. नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश लेखकाने १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये गमतीत एक नियम मांडला होता: कामाला जेवढा वेळ द्याल, तेवढं ते पसरतं. घरी आपण त्याला अख्खा दिवस देतो, वर रात्रही. मग एक साधा रिपोर्ट सकाळी उघडलेला असतो तो रात्री जेवल्यावर संपतो. म्हणून घरून काम करणाऱ्याला ऑफिसने फुकट दिलेल्या तीन गोष्टी स्वतः तयार कराव्या लागतात: काम कुठे संपतं, ते कधी-कुठे करायचं, आणि ते झालं हे कोणाला कळणार.

‘जमेल तेवढं’ म्हणजे नक्की किती?

एडविन लॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं की ‘शक्य तेवढं चांगलं करा’ यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं तर माणसं जास्त चांगलं काम करतात. त्यावर १९७५ चं एक मस्त उदाहरण आहे. ओक्लाहोमामध्ये ट्रकवर लाकडाचे ओंडके भरून गिरणीत न्यायचे. कायद्याने जेवढं वजन चालतं, त्याच्या सुमारे ६० टक्केच माल भरला जायचा. गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्याने ड्रायव्हरना एक आकडा दिला: ९४ टक्के. ना पगारवाढ, ना बक्षीस, फार तर तोंडी कौतुक. तरी काही महिन्यांत ट्रक ९० टक्क्यांच्या आसपास भरून यायला लागले. ड्रायव्हर आळशी नव्हते हो. ‘भरपूर’ म्हणजे किती, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आपलंही तसंच असतं. ‘या आठवड्यात प्रेझेंटेशनवर काम करायचं’ याला शेवट नाही. ‘गुरुवारी दुपारी ४ पर्यंत १२ स्लाईड्सचा पहिला मसुदा मॅनेजरला पाठवायचा’ याला आहे. चार वाजता पाठवलं की झालं, लॅपटॉप बंद करताना मनात टोचणी नाही.

एक काळजी मात्र घ्या. ध्येय आपल्या हातातलं असू द्या. ‘क्लायंटने होकार द्यावा’ हे आपल्या हातात नाही. ‘शुक्रवारपर्यंत तीन क्लायंटना प्रस्ताव पाठवायचा’ हे आहे.

कधी आणि कुठे?

नेमकं ठरवलं तरी घरी ते राहून जातं. इथे पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडतं. त्यांनी आणि वेरोनिका ब्रँडस्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक काम दिलं: नाताळची संध्याकाळ कशी घालवली ते ४८ तासांत लिहून पाठवा. म्हणजे बघा, सुट्टी, घरचे लोक, फराळ, आणि त्यात गृहपाठ! अर्ध्या विद्यार्थ्यांना आधीच ठरवायला सांगितलं की आपण हे नक्की कधी आणि कुठे बसून लिहिणार. त्यांच्यातल्या साधारण तीन चतुर्थांश जणांनी ते वेळेत केलं. बाकीच्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणांनी.

याचं सोपं रूप म्हणजे ‘अमुक झालं की तमुक’. ‘सकाळचा चहा संपला की व्हॉट्सॲप उघडायच्या आधी अर्धा तास कोर्सचा व्हिडिओ.’ ‘दुपारी ताट उचललं की दहा मिनिटं आजीजवळ.’ रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला नवीन गोष्ट बांधून टाकायची. मग रोज स्वतःशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत.

आणि हो, ‘कुठे’ हा प्रश्न आपल्याकडे मोठाच आहे. वन बीएचकेमध्ये पाच माणसं, हॉलमध्ये टीव्ही आणि दिवाणावर आपलं ऑफिस. त्यात मुलगी किंवा सून घरी असली की ती ‘घरीच तर आहे’ म्हणून गॅसजवळ हाका सुरू. माझ्या एका मैत्रिणीने सासूबाईंशी बोलून खूण ठरवली: खुर्चीवर लाल ओढणी टाकली की मीटिंग चालू. आणि साडेसहाला ओढणी कपाटात गेली की तीही घरातली. तिचं म्हणणं, घरच्यांना राग कामाचा येत नाही, ते कधी संपणार हेच माहीत नसतं त्याचा येतो.

काम केलं, पण दिसलं का?

आता माझ्या त्या ‘समाधानकारक’ शेऱ्याकडे येऊ. चीनमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉल सेंटरमधल्या, स्वतःहून तयार असलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना नऊ महिने आठवड्यातून चार दिवस घरून काम दिलं. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. यातला मोठा भाग जास्त वेळ काम केल्यामुळे आला: सुट्ट्या कमी, मधले ब्रेक कमी. पण तेवढीच कामगिरी असलेल्या ऑफिसमधल्या लोकांच्या तुलनेत त्यांची बढती होण्याचं प्रमाण कमी निघालं.

हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्पच बसलो. जास्त वेळ द्यायचा आणि मागे पडायचं, माझं हुबेहूब तसंच झालं होतं. याची दुसरी बाजूही सांगतो. त्याच कंपनीत नंतर आठवड्यातून फक्त दोन दिवस घरून काम देऊन बघितलं. तो अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात बढतीवर काही परिणाम दिसला नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. पण तुम्ही पूर्णवेळ घरून काम करत असाल तर ‘चांगलं काम केलं की कळतंच’ या भरवशावर राहू नका. दर शुक्रवारी मॅनेजरला तीन ओळी पाठवा: काय झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय. यात फुशारकी काही नाही. ऑफिसात जे आपोआप दिसायचं, ते आता लिहून दाखवायचं, इतकंच.

दोन्ही ध्येयं एकाच कागदावर

आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ऑफिसच्या ध्येयांना विचारणारं कोणीतरी असतं, मेल येतात. बाबांच्या चालण्याची आठवण करून देणारं मेल येत नाही. म्हणून कामाची यादी एका ॲपमध्ये आणि आयुष्याची मनात ठेवली, तर दर वेळी काम जिंकतं. दोन्ही एकाच पानावर लिहा. आठवड्याला जास्तीत जास्त दोन कामाची आणि एक घरचं किंवा स्वतःचं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: झालं म्हणजे काय, कधी-कुठे, आणि कोणाला सांगणार.

माझ्या पानावर तेव्हा लिहिलं: ‘सहाचा चहा झाला, कप बेसिनमध्ये ठेवला, की बाबांबरोबर गच्चीवर वीस मिनिटं. सोमवार ते शुक्रवार. आईला सांगितलंय.’ कॅलेंडरवर तो वेळ अडवून ठेवला, टीमला दिसेल असा. पहिल्या आठवड्यात पाचपैकी दोन दिवस जमलं. चौथ्या आठवड्यात चार. सहानंतरच्या कॉलला नाही म्हणायला जीभ जड झाली, पण दोन-तीनदा म्हटल्यावर कॉलच साडेचारला यायला लागला. गंमत म्हणजे फेऱ्या मारताना आम्ही फारसं बोलतही नाही. बाबा शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर टीका करतात, मी हूं म्हणतो.

आजही एखादा आठवडा पार कोलमडतो. तेव्हा शुक्रवारी पान उघडून बघतो: ध्येय मोठं होतं, वेळ चुकीची होती की मलाच ते नको होतं? जे नको असेल ते खोडायचं. तेही प्रामाणिकपणाचंच काम आहे.

तर मंडळी, आज झोपायच्या आधी एक कागद घ्या. फक्त एक ध्येय लिहा, आणि ते असं निवडा की ज्याची आठवण करून देणारं मेल तुम्हाला कधीच येणार नाही. भेटूया पुढच्या भागात. सहा वाजत आलेत, मला जायला हवं.