दुसऱ्याची आज्ञा आपल्या शब्दांत

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर एक मैदान आहे. त्याचे जुने नाव गवालिया टँक. आता त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. ८ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे भरलेल्या काँग्रेसच्या सभेतून इंग्रजांना दोनच शब्दांत बजावण्यात आले : 'क्विट इंडिया', म्हणजे 'भारत सोडा'. ही घोषणा त्या वर्षी मुंबईचे महापौर असलेल्या युसूफ मेहेरअली यांनी सुचवली, असे मानले जाते.

त्याच्या चौदा वर्षे आधी, ३ फेब्रुवारी १९२८ रोजी, सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरले होते. भारताचा कारभार कसा चालावा हे ठरवायला आलेल्या या कमिशनच्या सात सभासदांत एकही भारतीय नव्हता! लोकांनी काळी निशाणे दाखवली आणि घोषणा दिली, 'सायमन, गो बॅक'. ती घोषणाही मेहेरअलींचीच, असे सांगतात.

दोन्ही वाक्ये आज्ञार्थी आहेत. उर्दू व्याकरणात तुम्ही याला 'अम्र' म्हणता आणि मनाई असेल तर 'नही'. इंग्रजीच्या तासाला अशीच वाक्ये अप्रत्यक्ष कथनात बदलायला सांगतात, आणि तेथे आपली बरीच मुले अडतात. माझ्या मते अडचण इंग्रजीत कमी आणि आपल्या सवयीत जास्त आहे.

उर्दूत आपण म्हणतो, 'उसने कहा कि बारिश हो रही है' आणि 'उसने मुझे जाने को कहा'. दोन्ही ठिकाणी एकच 'कहना'. मराठीत मात्र 'म्हणणे' आणि 'सांगणे' ही दोन क्रियापदे आहेत. 'तो म्हणाला, "जा."' येथे त्याचे शब्द जसेच्या तसे आले. 'त्याने मला जायला सांगितले' येथे त्याची आज्ञा आली, शब्द गेले. इंग्रजीतही अशीच जोडी आहे : 'सेड' आणि 'टोल्ड'. 'ही सेड मी टू गो' ही नेहमीची चूक उर्दूतून सरळ इंग्रजीत उडी मारल्यामुळे होते. मधे मराठीचा थांबा घेतलात तर 'सांगितले' आठवेल आणि आपोआप लिहाल, 'ही टोल्ड मी टू गो'. 'जायला' या शब्दातला 'ला' आणि इंग्रजीतला 'टू' शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोघे एकच काम करतात.

मनाई असेल तर 'डोन्ट गो' चे 'नॉट टू गो' होते. मराठीत 'जाऊ नको' चे 'जाऊ नये असे सांगितले' होते. सर्वनामे आणि 'आज', 'उद्या', 'येथे' हे शब्द इतर वाक्यांप्रमाणेच बदलतात. आज्ञेच्या क्रियापदाचा काळ बदलण्याची कटकट मात्र येथे नाही.

खरा विचार करावा लागतो तो पुढेच. बोलणाऱ्याचा आवाज, त्याचा राग, त्याची अजिजी हे सगळे अवतरणचिन्हांबरोबर निघून जाते. 'प्लीज' हा शब्दही गळतो. मग ते सारे ठेवायचे कोठे? मुख्य क्रियापदात. दादरहून परळकडे जाणाऱ्या गर्दीच्या बसमध्ये कंडक्टर ओरडतो, 'पुढे चला!' गर्दी आवरणे हे त्याचे कामच आहे, म्हणून 'टोल्ड'. दारात लोंबकळणाऱ्या मुलाला तो म्हणतो, 'दारात उभा राहू नकोस, पडशील!' येथे धोका दाखवला आहे, म्हणून 'वॉर्न्ड'. इतक्यात एक आजी म्हणतात, 'बाळा, जरा सरकतोस का?' वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, तरी आजींना उत्तर नको आहे, जागा हवी आहे! म्हणून हे वाक्य प्रश्नाच्या नव्हे, विनंतीच्या रीतीने बदलायचे : 'शी रिक्वेस्टेड द बॉय टू मूव्ह.' इंग्रजीत येथे 'आस्क्ड' ही चालते, कारण 'आस्क' म्हणजे विचारणेही आणि विनंती करणेही. मात्र त्याच्यापुढे 'टू' हवा. प्रश्नाचे चिन्ह पाहून चटकन 'इफ' लिहू नका.

आता बंदराकडे परत जाऊ. 'लोकांनी सायमनला परत जाण्याची विनंती केली.' या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही, पण ते खोटे आहे. काळी निशाणे घेऊन कोणी विनंती करत नाही. तेथे 'टोल्ड' हवे, किंवा त्याहून जोरदार 'डिमांडेड', म्हणजे मागणी केली. ८ ऑगस्टच्या ठरावातही इंग्रजी सत्तेने निघून जावे यासाठी 'डिमांड' हाच शब्द वापरला आहे. एक लक्षात ठेवा. 'डिमांडेड सायमन टू गो बॅक' असे होत नाही. 'दे डिमांडेड दॅट सायमन शुड गो बॅक' असे लिहावे लागते. मराठीतही आपण 'सायमनला जायला मागणी केली' असे म्हणत नाही, 'सायमनने परत जावे अशी मागणी केली' असे म्हणतो. येथेही मराठीच वाट दाखवते.

त्याच ८ ऑगस्टच्या सभेत गांधीजींनी लोकांना एक मंत्र दिला. इंग्रजीत तो 'डू ऑर डाय' असा लिहितात. ही आज्ञा आहे, पण सांगणारा अधिकारी नाही, नेता आहे. 'ऑर्डर्ड' लिहिले तर गांधीजी सेनापती वाटतील. 'ही अर्ज्ड द पीपल टू डू ऑर डाय' हे अधिक खरे. मराठीत आपण 'आवाहन केले' म्हणू.

हिंदुस्थानीत मात्र तोच मंत्र 'करेंगे या मरेंगे' असा प्रसिद्ध आहे. उर्दू जाणणाऱ्या तुम्हांला फरक लगेच दिसेल. हे 'अम्र' नाहीच. हे भविष्यकाळाचे साधे वाक्य आहे, आणि त्यात बोलणारा स्वतःही सामील आहे. म्हणून येथे 'अर्ज्ड' आणि 'टू' ची रीत चालणार नाही. 'ही टोल्ड द पीपल दॅट दे वुड डू ऑर डाय' असे काहीतरी लिहावे लागेल, आणि त्या 'दे' मध्ये गांधीजी स्वतः आहेत की नाहीत, हे इंग्रजी वाक्य सांगत नाही. मराठीत 'आपण करू किंवा मरू, असे ते म्हणाले' एवढे म्हटले की पुरे होते.